मागच्या भिंतीतली मोरी

आधी दिवस आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो. नेमक्या तारखा, ज्यांना हव्या असतील त्यांच्यासाठी, माझ्या फाईलमध्ये आहेत.

दिवाळीनंतरचा पहिला शनिवार. आखातातल्या रास अल खैमातील आमच्या चारमजली इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका बाईंना मागच्या कुंपणभिंतीच्या पायथ्याशी, पाणी जाण्यापुरती मोरी पाडण्याची तोंडी परवानगी देण्यात आली. देणारे, इमारतीचे व्यवस्थापक. ऐकणारा, मी.

नाताळानंतरचा एक गुरुवार. वादळ.

वादळानंतरचा रविवार. लिफ्टमध्ये परिपत्रक लागले: व्यवस्थापनाने पाण्याच्या निचऱ्याची वेळीच व्यवस्था केल्यामुळे इमारत सुरक्षित राहिली, रहिवाशांनी नोंद घ्यावी. सही, व्यवस्थापकांची.

त्यापुढचा बुधवार. बाईंच्या दाराखालून नोटीस सरकवण्यात आली: कुंपणभिंतीचे विनापरवाना नुकसान केल्याबद्दल भाडेकरार पुढे वाढवला जाणार नाही, मुदत संपताच घर रिकामे करावे. सही, तीच.

जबाबदार दोघे. एक, सदर व्यवस्थापक. दुसरी, त्यांना नेमणारी कंपनी, जिच्या कार्यालयाने माझ्या प्रत्येक पत्राची पोच दिली आणि एकाचेही उत्तर दिलेले नाही.

परिपत्रकातली 'व्यवस्था' आणि नोटिशीतले 'नुकसान' ही एकाच मोरीची नावे आहेत. आमच्या आवारात दुसरे भोक नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या पाडवा अंकाच्या संपादकांनी मला बजावले आहे की व्यक्तिचित्र द्या, तक्रारअर्ज नको. त्यांचा मान राखून बाईंविषयी लिहितो. मात्र आयुष्यभर एका बांधकाम कंपनीच्या दावे विभागात पत्रे लिहिण्यात गेलेला माणूस एखाद्या व्यक्तीचे चित्र काढू लागला, तर त्या चित्राला पुराव्याची चौकट आपोआप येते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

बाई वसईच्या. ख्रिस्ती. एका हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या कोठीवर त्यांनी नोकरी केली आणि नोकरी संपल्यावरही त्या इथेच राहिल्या. यजमान याच घरात वारले. मुलगा याच देशात, दूर रुवैसच्या रिफायनरीत आहे. तो फोनवर "मम्मी, जस्ट कम हिअर" म्हणतो, आणि त्या "येते रे, पावसानंतर" असे सांगून फोन ठेवतात. ज्या देशात पाऊस पडतो की नाही यावर पैजा लागतात, त्या देशात हे उत्तर कधीच खोटे ठरत नाही. या लेखाविषयी मी त्यांना विचारले तेव्हा म्हणाल्या, "लिहा, पण नाव छापायचं नाही हां. माझं नाव चर्चच्या पुस्तकात आहे, तेवढं पुरे."

त्या मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही, हे त्यांना अनेकदा सांगून झाले आहे. "माहितेय. पण भांडता तर फुकट," असे त्यांचे त्यावर म्हणणे असते.

आता त्यांची मुख्य विक्षिप्तता. बाई आगोट करतात. वसईच्या किनाऱ्यावर पावसाळा तोंडावर आला की घरोघर जी लगबग चालते, सुकी मासळी भरायची, सरपण आत घ्यायचे, ओसरीला झावळ्यांचे झाप बांधायचे, पन्हळी साफ करायच्या, ती आगोट. बाई ती दरवर्षी करतात, फक्त मे महिन्याऐवजी नोव्हेंबरमध्ये. कारण इथे पाऊस आलाच तर हिवाळ्यात येतो. संध्याकाळी एसी बंद करून खिडकी उघडावीशी वाटली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात सुकट, सोडे आणि बोंबील यांच्या बरण्या उन्हात मांडलेल्या दिसत. काड्यापेट्या तांदळाच्या डब्यात खुपसल्या जात. मेणबत्त्या मेरीमातेच्या तसबिरीमागे जात. अंधारात चाचपडताना हात आधी तिथेच जातो, असे त्यांचे म्हणणे.

झापांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. इथे नारळ मिळत नाही, खजूर मिळतो. खजुराची झावळी ताठ आणि काटेरी असते; विणू गेले की बोटांना भोसकते. बाईंनी त्यावर उपाय काढला तो असा की झावळ्या चांगल्या दोन-चार दिवस बाथटबमध्ये भिजत घालायच्या. त्या काळात त्या अंघोळीला आमच्याकडे, वर दुसऱ्या मजल्यावर येत. येताना स्वतःचा साबण आणि एक वाटी लोणचे आणत. सौभाग्यवतींनी एकदा विचारले, "अहो, बाथटब कशासाठी अडवता? बादली नाही का?" तर बाई म्हणाल्या, "बाई गं, टब मला दिलाय कशाला मग? मी काय राणी आहे त्यात लोळायला?"

लोक हसत. तिसऱ्या मजल्यावरच्या मुली जिन्यातून ओरडत, "आंटी, इट नेव्हर रेन्स हिअर!" बाई खालून उत्तर देत, "नेव्हर? नेव्हर गावाला गेलाय. परत येईल, बघा."

आणि त्या हसण्याला एक वर्ष खरोखरच कारण मिळाले, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. वसईत पाऊस नैऋत्येकडून येतो. बाईंच्या हाडांत ती दिशा मुरलेली. त्यांनी झाप बांधले ते घराच्या नैऋत्य अंगाला, जिथे आमचे वाहनतळ आहे आणि त्यापलीकडे शेजारच्या इमारतीची उंच भिंत. सुंभाच्या गाठी इतक्या पक्क्या की सुरी लागावी. हिवाळ्यात एक झोडपणारी सर आली. ती आली समुद्राकडून, वायव्येकडून, आणि बाईंच्या उघड्या खिडकीतून थेट पलंगावर उतरली. गादी, उशा, मेरीमाता, सारे भिजले. नैऋत्येचे झाप मात्र खडखडीत कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी त्या अंगणात गादी वाळत घालत होत्या. मी विचारले, "काय बाई, दिशा चुकली?"

"माझी नाही, वाऱ्याची चुकली," त्या गादीवर काठी मारत म्हणाल्या. "नवीन वारा आहे. शिकेल."

शिकल्या त्याच. पण त्यांनी ते मान्य कधीच केले नाही, आणि मला त्यांच्या स्वभावातला हा भाग विशेष प्रिय आहे. त्याच सुमारास शेजारच्या गल्लीतले एक वयोवृद्ध अरब गृहस्थ किराणा घ्यायला जाताना आमच्या फाटकापाशी गाडी थांबवून उतरले. झापाजवळ गेले. विणीवरून बोटे फिरवली. मग जुन्या पिढीच्या अरबांना येते तशा हिंदीत म्हणाले, "अरीश. मेरा माँ का घर ऐसा था. पूरा घर." मग हात समुद्राकडे करून म्हणाले, "लेकिन हवा, शमाल, उधर से आता, मम्मा. इधर से नहीं."

"मालूम है, बाबा," बाई म्हणाल्या. "मैं तो ऐसे ही ट्राय करती थी."

गृहस्थ हसले. त्या वर्षापासून त्यांच्या बागेतल्या खजुरांची छाटणी झाली की झावळ्यांचा भारा आमच्या फाटकाशी येऊन पडू लागला, आणि झाप वायव्येला गेले. ज्या वस्तूला इथल्या मातीतला माणूस आपल्या आईचे घर म्हणतो, तिला आमच्या व्यवस्थापकांनी, झाप काढण्याविषयीच्या त्यांच्या पहिल्या नोटिशीत, 'अशोभनीय साहित्य' म्हटले आहे. शब्द त्यांचे आहेत.

बाईंच्या आगोटीचा दुसरा भाग म्हणजे विणायची सुई. आपल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना खालच्या खोबणीत, बाहेरच्या अंगाला, बारीक भोके असतात. पाणी खोबणीत साठू नये म्हणून ती ठेवलेली असतात आणि वर्षभराच्या वाळूने गच्च बुजलेली असतात. बाई स्वेटर विणायची लांब सुई घेऊन प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक घरात शिरत आणि भोके मोकळी करत. परवानगी विचारत नसत. एकदा मी फोनवर एका ठेकेदाराशी अत्यंत गंभीर वाद घालत होतो. बाई आल्या, माझ्या खुर्चीवर चढल्या आणि खिडकीबाहेर अर्ध्या वाकल्या. पलीकडचा ठेकेदार काय म्हणत होता ते मला आजतागायत कळलेले नाही, कारण माझे सारे लक्ष बाईंच्या घोट्याला धरून ठेवण्याकडे होते.

"बाई, हे नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"पाणी बसतं का बघा नियमात," त्या बाहेरून म्हणाल्या. "पाण्याला जायला जागा ठेवावी लागते, वकीलसाहेब. नाही ठेवली तर ते तुमच्याकडे राहायला येतं."

हे वाक्य त्या वारंवार म्हणत, आणि त्यामागे जे होते ते त्यांनी एकदाच सांगितले. त्यांच्या माहेरच्या वाडीत बावखल होते. वसईकडे प्रत्येक वाडीत असते तसे, पावसाचे पाणी पोटात घेणारे गोड्या पाण्याचे तळे. तिथे इमारत उभी राहिली तेव्हा बावखल मातीने भरले. "भरताना आम्ही सगळे बघत उभे होतो. कोणी बोललं नाही. पुढच्या पावसात पाणी आलं ते आईच्या चुलीत. तेव्हापासून मी बोलते." एवढे सांगून त्या मसाला परतायला उठल्या.

आता त्या शनिवाराविषयी, कारण मी त्याचा साक्षीदार आहे.

व्यवस्थापक झाप काढायला लावण्यासाठी आले होते. तरुण गृहस्थ, घाईत असतात, गाडीची किल्ली हातात फिरवत बोलतात.

"आंटी, फिर से लगाया? बिल्डिंग का लुक खराब होता है."

"लुक क्या बारिश को दिखाना है?" असे म्हणत बाईंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि त्यांना मागच्या अंगणात नेले. मी मागोमाग गेलो. तिथे, सखल कोपऱ्यात, एसीचे ठिबकलेले पाणी साचून हिरवे झाले होते. भिंतीपलीकडे जमीन थेट खाडीकडे उतरते. अलीकडे, त्या कोपऱ्याला लागूनच, साऱ्या इमारतीच्या विजेच्या मीटरची खोली.

"ये देख. इतना सा पानी जा नहीं सकता. बारिश आएगी तो किधर जाएगी? तेरे मीटर में. यहाँ नीचे एक छोटी मोरी चाहिए. जाली लगा के. मिस्त्री मैं लाऊँगी."

"आंटी, इधर बारिश..."

"करूँ कि नहीं, बोल."

"करो, करो. जो करना है करो. खलास. मेरा दिमाग मत खाओ."

मी तत्काळ पुढे झालो आणि म्हणालो की ही संमती दोन ओळींत लेखी द्यावी. व्यवस्थापक हसले. "अंकल, हर चीज़ में काग़ज़?" आणि बाईही माझ्यावरच उखडल्या: "माणूस तोंडाने बोललाय, वकीलसाहेब. तोंड काय भाड्याचं असतं?"

मोरी पडली. वीतभर रुंद, आतून गुळगुळीत, तोंडाशी जाळी, आणि तिच्याकडे अंगणाला उतार. बाई तिच्याकडे अशा पाहत, जणू घरात नवी सून आली आहे.

वादळाचा इशारा मोबाईलवर आला तेव्हा बाकी शहराने किराणा दुकानांत गर्दी केली. बाईंकडे करण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्यांनी झापाच्या गाठी एकदा ओढून पाहिल्या, सुई कनवटीला खोचली, सुकटीची चटणी केली आणि स्टुलावर बसून समुद्राकडे पाहत राहिल्या.

दुपारी आकाश आधी पिवळे झाले, मग विटकरी. डोंगर दिसेनासे झाले. धुळीचा लोट गेला आणि त्यामागून गारा आल्या, लिंबाएवढ्या. वाहनतळावरच्या गाड्यांचे टप वाजू लागले. मग पाऊस. मी मुंबईत अनेक पावसाळे काढले आहेत, परंतु सुकलेल्या, टणक जमिनीवर पडणारा असा पाऊस मी पाहिला नव्हता: एक थेंबही आत मुरत नव्हता, जे पडे ते धावत सुटे. रस्त्याचे पाणी फाटकातून आत आले आणि मागच्या कोपऱ्याकडे निघाले. मी छत्री घेऊन खाली उतरलो. छत्री जिन्यातच उलटली.

बाई मागच्या अंगणात, गुडघाभर पाण्यात, हातात बांबू घेऊन उभ्या होत्या. जाळीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या येऊन चिकटत, त्या बांबूने त्या काढून मागे फेकत, आणि पाणी मोठा आवाज करत भिंतीखालून खाडीकडे जात होते. मीटरच्या खोलीच्या पायरीला ते टेकले आणि तिथेच थांबले. पुढे चढले नाही.

"काय उभे राहिलात? त्या पिशव्या उचला!" त्या ओरडल्या. मी उचलल्या. माझ्या कारकिर्दीत मी याहून अधिक उपयोगाचे काम केल्याचे मला आठवत नाही.

याच वेळी व्यवस्थापक आले. त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी पाण्यात बंद पडली होती. बूट हातात होते. बाईंनी त्यांना पाहिले आणि बांबू माझ्या हाती दिला. थोड्या वेळाने मी वळून पाहिले, तर सदर गृहस्थ वायव्येच्या त्याच 'अशोभनीय साहित्या'च्या आडोशाला स्टुलावर बसलेले होते, अंगावर बाईंचा टॉवेल, हातात चहा, समोर पाव आणि चटणी. झापावर पाऊस फाडफाड आपटत होता, आणि आत स्टुलाभोवतीची फरशी कोरडी होती.

"और लेगा बेटा?" बाई विचारत होत्या. त्यांनी आणखी घेतली, हेही मी नोंदवतो.

संध्याकाळी शेजारच्या दोन्ही इमारती अंधारात होत्या. त्यांच्या मीटरच्या खोल्यांत पाणी शिरले होते. आमच्या इमारतीत दिवे होते. शेजारची कुटुंबे लहान मुले आणि फोनचे चार्जर घेऊन आमच्या जिन्यावर आली. बाईंच्या बरण्या एकामागून एक रिकाम्या होत गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मुली त्यांना चिकटून बसल्या होत्या. "आंटी, हाऊ डिड यू नो?" धाकटीने विचारले. बाईंनी तिच्या तोंडात पावाचा तुकडा भरवला आणि म्हणाल्या, "नेव्हर आला ना गावाहून?" मी त्या रात्री सौभाग्यवतींना म्हणालो की मी ज्या इमारतीत राहतो तिथे ही बाई राहते, हे मला माझ्या परिचयपत्रावर छापून घ्यावेसे वाटते. त्या म्हणाल्या, "आधी पाय धुवा."

त्यानंतर परिपत्रक आले. त्यानंतर नोटीस आली.

नोटीस मी बाईंना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी सुईने दातातले काही काढल्यासारखे केले, जे त्या विचार करताना करतात. मग म्हणाल्या, "इथून त्यांना बाहेर नेलं होतं, वकीलसाहेब. या दारातून." त्या यजमानांविषयी बोलत होत्या. "मी पण याच दारातून जाणार होते. आता कुठल्या दारातून जाऊ?" मी त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच माझ्याकडे उत्तर मागताना पाहिले.

गेल्या आठवड्यात व्यवस्थापकांनी माणूस आणून मोरी सिमेंटने बुजवली. बाई तिथे उभ्या राहिल्या. त्यांनी त्या माणसाला पाणीही दिले, कारण त्याचा दोष नव्हता. मग त्या व्यवस्थापकांकडे वळल्या. "मला नोटीस दिली, ठीक आहे. बारिश को दिया क्या?" व्यवस्थापक फोन कानाला लावून निघून गेले. फोन वाजलेला नव्हता.

सामान बांधायला बाईंनी अजून सुरुवात केलेली नाही. परवा त्या सुई घेऊन पुन्हा आमच्या खिडकीवर चढल्या. हिवाळा सरला नाही, एखादी सर अजून यायची, म्हणाल्या. मी घोटा धरला. सौभाग्यवतींनी त्यांच्याकडून विणकाम शिकून घेतले आहे, आणि आमच्या वायव्येच्या गॅलरीत आता एक झाप लटकतो आहे; वीण वाकडी आहे, परंतु गाठी पक्क्या आहेत. त्याबद्दल मला नोटीस यावी अशी माझी इच्छा आहे. माझा पत्ता व्यवस्थापनाकडे आहे.

सबब, माझी मागणी. व्यवस्थापकांनी हा अंक निघाल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी, सर्व रहिवाशांसमोर, मागच्या भिंतीपाशी, त्या ताज्या सिमेंटच्या डागाशेजारी उभे राहून एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: इथे जे होते ती तुमची व्यवस्था होती, की बाईंनी केलेले नुकसान? व्यवस्था असेल, तर ती तुम्ही स्वतःच बुजवली आहे. ती उघडा, आणि बाईंना दिलेली नोटीस परत घ्या. नुकसान असेल, तर लिफ्टमधले परिपत्रक आमच्या डोळ्यांदेखत काढा, आणि वादळात दिवे कोणामुळे राहिले ते तिथेच सांगा.

या वेळी मी उत्तर लेखी मागत नाही. तोंडी चालेल. बाई समोर असतील.